टॅब यादी देतो की मागतो?

प्रश्न असा आला आहे: "समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आठ महिन्यांपूर्वी डोंगरातल्या एका उपकेंद्रात रुजू झाले. टॅब मिळालाय. पाड्यांवर रेंज नसते म्हणून सगळं वहीत लिहून आणते आणि रात्री दोन-अडीच तास एंट्री करत बसते. रजिस्टरंही चालूच आहेत. लोकांसमोर टॅब काढला की ते बिचकतात. तो नीट वापरायचा कसा? रजिस्टरं बंद करावीत का? आणि टॅब सारखा अडकतो, तर पदरचे पैसे घालून चांगला मोबाईल घ्यावा का?"

ताई, मी १९९६ साली नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून लागले, पुढे एलएचव्ही, म्हणजे एएनएमवर देखरेख ठेवणारी झाले. आता फिरती कमी आणि नव्या मुलींना शिकवणं जास्त. वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या असाल, पण कामातल्या माणसाला मी अहोजाहोच करते. तर तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते रेंज नाही हे नव्हे. रात्रीची एंट्री खटकली. आधी तेवढी बंद करा.

का ते सांगते. प्रशिक्षणात मी माझंच एक जुनं रजिस्टर उघडून दाखवते. एका पानावर बावीस गरोदर बाया, त्यातल्या एकोणीस जणींचा बीपी ११०/७०. अक्षर माझं, सही माझी. एवढ्या बायांचा बीपी कुठल्याच गावात एकसारखा नसतो. मी बीपी घेतला नव्हता असं नाही, बहुतेक जणींचा घेतला होता. पण आकडे हातावर, औषधाच्या खोक्यावर, कुठल्यातरी चिठ्ठीवर लिहिलेले, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात रजिस्टर भरताना जो सापडला नाही त्याच्या जागी ११०/७०. मग तिसऱ्या भेटीला एखादीचा १३०/८६ आला, तर मागे काय होता ते बघायला गेल्यावर दिसणार काय? १४०/९० झाला की जोखमीची माता हे सगळ्यांनाच पाठ असतं. पण तिथवर पोचण्याआधीची चढण दिसावी म्हणून तर आपण दर भेटीला लिहितो, आणि ती चढणच मी रात्री पुसून टाकत होते.

टॅब आल्यानं हे आपोआप सुधारत नाही. वहीतून टॅबमध्ये उतरवणारी मुलगी रात्री दहा वाजता तेच करते. फरक इतकाच की आता एंट्रीची वेळही नोंदली जाते, आणि कुणी बघायचं ठरवलं तर वीस बायांची तपासणी रात्री १०.४० ते ११.१५ मध्ये झालेली दिसते.

म्हणून आकडे जागेवर भरायचे. त्याला वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. वेळ आहे, आणि तो नियमातच आहे. बीपी घेण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. चढ चढून आलेल्या बाईचा लगेच बीपी घेतला तर तो खोटाच येतो. ती पाच मिनिटं तुमची. बाईला बसवा, पाणी द्या, आणि त्या वेळात तिचं पान उघडा, मागचं वजन, मागचं एचबी (हिमोग्लोबिन) बघा. मग टॅब बाजूला ठेवा. पट्टा फुगत असताना बोलायचं नाही, तिला बोलवायचं नाही, टाइपही करायचं नाही. आकडा आला की तिथल्या तिथे टाका. वजन, बीपी, एचबी, पोटाची उंची, बाळाचे ठोके एवढंच जागेवर. बाकीचं, म्हणजे मागच्या बाळंतपणाची हकीकत, घरची माहिती, बँक खातं, हे संध्याकाळी भरलं तरी बिघडत नाही. गोष्ट लक्षात राहते, आकडा राहत नाही.

आता लोक बिचकतात त्याबद्दल. बिचकणारच. सुरुवातीला मीही चूक करायचे: बाईच्या समोर बसायचं, मधे टॅब उभा धरायचा, आणि मान खाली घालून एकामागून एक प्रश्न. तिला माझं कपाळ दिसायचं आणि टॅबची पाठ. पोलिसपाटलाचा जबाब बरा, असं एका म्हातारीनं मला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून मी समोर बसत नाही, शेजारी बसते. दोघींना पडदा दिसेल असा टॅब मांडीवर आडवा. "हे बघ, मागच्या महिन्यात तू बेचाळीस किलो होतीस, आज साडेत्रेचाळीस." वजनाची रेघ वर गेलेली तिला दिसते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही रेघ वर गेली की खाली हे कळतं, आणि पुढच्या वेळी ती स्वतःच विचारते, "माझी रेघ दाखव ना."

बोलणं झाल्याशिवाय टॅब काढायचा नाही, हा दुसरा नियम. आधी बोलणं, मग टॅब. घरात पाऊल टाकल्या टाकल्या टॅब बाहेर आला की लोकांना वाटतं सर्वे आला, राशनचं नाव कापायला आला, नाहीतर फोटो काढायला आला. फोटो तर विचारल्याशिवाय कधीच नाही, बाळाचाही नाही.

ओटीपीचं दुखणं वेगळं. आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक काढायचा तर बहुतेक वेळा आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. तो मोबाईल नवऱ्याकडे, नवरा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामावर. त्याला फोन लावा, त्यानं ओटीपी सांगेपर्यंत वेळ संपते. त्यात फोनवर, बँकेत सगळीकडे "ओटीपी कुणाला सांगू नका" असं आपणच लोकांना शिकवलंय, आणि आता आपणच दारात उभं राहून ओटीपी मागतो! त्यांनी नकार दिला तर रागावू नका, ते शहाणपणानंच वागतायत. आभा ऐच्छिक आहे. तो नसला म्हणून तपासणी, लस, गोळी अडत नाही, आणि आपण अडवायचीही नाही. नवरा सणाला घरी आला की दोघांचा एकदम काढा. मी होळीच्या आठवड्यात हेच काम हातात घेते, कारण तेव्हा माणसं आणि मोबाईल दोन्ही गावात असतात.

रेंजचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही, पण त्याची एक शिस्त आहे. एएनएमसाठीचं अनमोल अ‍ॅप २०१६ साली आलं तेच मुळी रेंजशिवाय चालावं म्हणून: गावाची माहिती आधी उतरवून घ्यायची, पाड्यावर रेंज नसताना भरायची, रेंजमध्ये आलं की वर पाठवायची. म्हणजे काम सुरू होतं आदल्या संध्याकाळी. उद्या कुठल्या पाड्यावर जायचं ते ठरलं की त्या पाड्याची माहिती रेंज असताना ताजी करून घ्या. सकाळी निघताना हे सुचलं तर उशीर झालेला असतो, कारण नेमकं तेव्हाच अ‍ॅपला अपडेट हवं असतं. अपडेट आरोग्य केंद्राच्या वायफायवर, लसीकरण सत्राच्या आदल्या दिवशी. सत्राच्या सकाळी कधीही नाही.

आणि परतताना. आमच्याकडे खिंडीत एका वळणावर रेंज येते. सगळ्या सिस्टर तिथे गाडी लावून सिंक करतात, म्हणजे भरलेल्या नोंदी वर पाठवतात. तुमचीही अशी जागा असेलच, एखादी चिंच, एखादी टाकी. सिंक झालं असं अ‍ॅप म्हणालं तरी "बाकी" नोंदींचा आकडा शून्य झाला का ते डोळ्यांनी बघा. तो शून्य होईपर्यंत लॉगआउट करायचं नाही, डेटा क्लिअर करायचा नाही, अ‍ॅप काढून पुन्हा टाकायचं नाही. तालुक्याला कुणी हुशार मुलगा "मॅडम, अनइन्स्टॉल करून बघा" म्हणेल. त्यानं सांगितलेल्या त्या एका बोटाच्या कामात आमच्या एका मुलीची तीन पाड्यांची नऊ दिवसांची मेहनत गेली. ती रडली, मी वहीतून पुन्हा भरायला बसले. वही होती म्हणून.

तारखांकडे लक्ष द्या. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि टॅबमुळे त्या पटकन पसरतात. बॅटरी पार उतरून टॅब बंद पडला आणि नेटशिवाय चालू झाला तर कधीकधी त्याची तारीख मागे जाते. मग ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाचं काय राहिलंय ती यादी चुकते, लसीची तारीख चुकते. सकाळी पहिलं काम, कोपऱ्यातली तारीख बघणं.

त्याहून नाजूक तारीख पाळीची. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख. हा हिशोब टॅब चोख करतो. पण आमच्याकडची बाई "चौदा जुलै" असं सांगत नाही. ती सांगते, "आवणी संपली त्या आठवड्यात," किंवा "बोहाड्याच्या आदल्या बाजाराला." आवणी म्हणजे भाताची लावणी, बोहाडा म्हणजे मुखवटे घालून नाचायचा आमच्याकडचा उत्सव. म्हणून टॅबच्या कॅलेंडरवर विसंबू नका. अमावस्या, पौर्णिमा, सण छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका पिशवीत ठेवा, आणि गावातले बाजार, जत्रा, बोहाडा, आवणी त्यावर पेन्सिलीनं लिहून काढा. आशाताईला बसवलं तर अर्ध्या तासात होतं. मग बाईला विचारा, बाजाराच्या आधी की नंतर, अमावस्येच्या अलीकडे की पलीकडे. तारीख दोन-चार दिवसांत सापडते.

मी एकदा जुलैच्या जागी जून टाकला. बोटाची चूक. टॅबनं इमानेइतबारे पुढचं सगळं एक महिना अलीकडे ओढलं. मार्चमध्ये तिचं नाव लाल झालं, दिवस भरून वर गेले म्हणून. मी स्वतः आशाताईला पाठवलं, घरच्यांनी जीप केली, ग्रामीण रुग्णालयात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावून, सोनोग्राफी बघून सांगितलं की अजून एक महिना आहे. जीपचे पैसे गेले, दोघांची मजुरी गेली, आणि सासू वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. तेव्हापासून मी तारीख टाकली की टॅबनं काढलेले आठवडे आणि माझ्या हाताला लागणारी गर्भाशयाची उंची ताडून बघते. बेंबीच्या आसपास असेल तर साधारण वीस-बावीस आठवडे. टॅब सव्वीस म्हणत असेल तर थांबायचं, पुन्हा विचारायचं. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

नावांचंही तसंच. एका पाड्यावर तीन सुनीता, त्यातल्या दोघींच्या नवऱ्याचं नाव एकच. नावावरून शोधलंत तर कधीतरी एकीचं एचबी दुसरीच्या नावावर जाणार. बाईच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर आरसीएच क्रमांक, म्हणजे तिचा सरकारी नोंदणी क्रमांक ठळक लिहा आणि त्यावरूनच शोधा.

आता रजिस्टर. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही: लेखी आदेश हातात येईपर्यंत एकही रजिस्टर बंद करू नका. तोंडी "आता सगळं ऑनलाइन" म्हणणारे साहेब बदलून जातात, आणि पुढच्या वर्षी तपासणीला आलेला माणूस आधी रजिस्टर मागतो. पण बैठकीत हा विषय लावून धरा, एकट्यानं नाही, सगळ्या सिस्टरनी मिळून, आणि यादी घेऊन: अमुक रकाना टॅबमध्ये आहे, रजिस्टरात आहे, मासिक अहवालात आहे, तीन ठिकाणी तोच आकडा. असं नुसतं कागदावर मांडलं तेव्हा आमच्याकडे दोन वह्या सुटल्या. सरकारी नव्हत्याच त्या, कुणीतरी कधीतरी सुरू करून दिलेल्या होत्या!

रजिस्टराचं ओझं ही आजची गोष्ट नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात अ‍ॅपल कंपनीच्या संशोधकांनी राजस्थानात एएनएमसाठी हातात मावणाऱ्या संगणकावर काम केलं होतं. न्यूटन नावाचं यंत्र होतं ते, पेनानं चालणारं. तेव्हाही त्यांच्यासमोर हाच पेच होता: गावोगाव फिरणारी बाई आणि तिच्या पिशवीतली जाडजूड रजिस्टरं. यंत्रं किती बदलली, पिशवी अजून तेवढीच जड आहे. त्या वेळी मी नर्सिंग शिकत होते आणि संगणक फक्त कलेक्टर कचेरीत काचेमागे बघितला होता.

मला विचाराल तर टॅब चांगला की वाईट हे मी एका गोष्टीवरून ठरवते. सकाळी उघडल्यावर तो मला काय देतो? या आठवड्यात कुणाची तपासणी आहे, कुठल्या बाळाची पेंटा लसीची तिसरी मात्रा राहिलीय, कोण नऊ महिन्यांची आणि जोखमीची, अशी यादी त्यानं दिली तर मी त्या यादीवरून वाट ठरवते. सकाळी त्यानं पाच नावं दिली, तर संध्याकाळी त्याचे पंचवीस रकाने भरून द्यायला माझी ना नाही. पण काही अ‍ॅप नुसतं मागतात. हे भरा, ते भरा, फोटो टाका, टक्केवारी लाल आहे. ते वरच्यांचं साधन झालं, आपलं नाही. भरावं लागतं, पण त्यात जीव अडकवू नका. तुमच्याकडच्या प्रत्येक अ‍ॅपला हा प्रश्न विचारा. जे यादी देतं ते बाईसमोर वापरा. जे मागतं ते आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस आरोग्य केंद्रात बसून उरका.

अंगणवाडी ताईंचं आठवतं ना? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर त्यांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन जुने, मेमरी तोकडी, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि त्यातलं पोषण ट्रॅकर अ‍ॅप तेव्हा इंग्रजीत. लोक म्हणाले बायकांना तंत्रज्ञान नको. अहो, त्याच बाया स्वतःच्या मोबाईलवर बचतगटाचा हिशोब ठेवतात आणि नातवंडांना व्हिडिओ कॉल लावतात. मुलाचं वजन मराठीत भरायचं होतं त्यांना, बाकी काही नाही.

तुम्ही समुदाय आरोग्य अधिकारी आहात, म्हणजे तुमचं काम नोंदींपुरतं नाही, म्हणून थोडं दवाखान्याबद्दलही लिहिते.

मुलांच्या न्यूमोनियात टॅब खरोखर कामाचा आहे, आणि तोही फक्त घड्याळ म्हणून. एक मिनिटाचा टायमर लावा, बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर, अंगावरचं कापड वर करून पोटाची हालचाल मोजा. पूर्ण मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, लहान बाळाचा श्वास सारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ: ६० किंवा जास्त. दोन महिने ते वर्ष: ५० किंवा जास्त. वर्ष ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं मोजता न येणाऱ्या बायांसाठी मण्यांचा श्वासमापक केला होता: श्वास मोजत मणी सरकवायचे, मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. ना बॅटरी, ना रेंज, ना पासवर्ड. कधीकधी मला वाटतं अ‍ॅप बनवणाऱ्या मुलांना आधी तो मण्यांचा मापक हातात द्यावा.

औषधाची मात्रा काढणारे अ‍ॅप जपून. ते मिलिग्रॅममध्ये सांगतात, आपण बाटलीतून मिलिलिटर ओततो. आठ किलोच्या बाळाला ताप आहे. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर १२० मिलिग्रॅम. बाटलीवर "५ मिलिलिटरमध्ये १२५" असेल तर जवळपास एक पूर्ण चमचा. पण त्याच फळीवर, जवळपास त्याच रंगाच्या खोक्यात "५ मिलिलिटरमध्ये २५०" असतं, तिथे अर्धा चमचा. टॅबला तुमच्या हातातली बाटली दिसत नाही. म्हणून आकडा टॅबचा असो की डोक्यातला, बाटली उचलून लेबल मोठ्यानं वाचायचं, मग ओतायचं. आईच्या हातात मापाचं टोपण देऊन त्यावर खूण करून द्या.

ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी व्हिडिओ सल्ल्याच्या सेवेवर डॉक्टरांशी जोडताना पहिली दोन मिनिटं वाया जातात, कारण ते विचारतात आणि आपण शोधतो. जोडण्याआधीच लिहून ठेवा: वय, काय होतंय, किती दिवस, बीपी, नाडी, ऑक्सिजन, साखर, ताप. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीतून बाहेर काढून ठेवा. "पांढरी गोळी आणि एक लाल" यावर कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही. कॅमेरा रुग्णाकडे फिरवा, नुसता स्वतःकडे नको. चट्टा दाखवायचा असेल तर रुग्णाला दाराशी उजेडात न्या, बल्बखाली रंग फसवतो. आणि छातीत दुखणं, सर्पदंश, झटके, बाळंतिणीचा रक्तस्राव यात टॅब पिशवीतच राहू दे. आधी १०८.

साथीचंही असंच. एका पाड्यावर दोन दिवसांत तिघा-चौघांना जुलाब लागले तर एस फॉर्म, म्हणजे साथीची लक्षणं कळवायचा फॉर्म भरायचा आहेच, पण आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन. फॉर्म वर जाईल, कुणीतरी बघेल, या भरवशावर राहिलात तर तोवर अख्खा पाडा त्याच विहिरीचं पाणी पिऊन मोकळा होतो. फोन आधी, विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर त्यानंतर, फॉर्म शेवटी.

गुप्ततेबद्दल एक प्रसंग. एका ठिकाणी जोखमीच्या मातांची यादी, नावं-गावं-कारणांसकट, टॅबवरून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली गेली. हेतू चांगला होता, गाडीची सोय व्हावी हा. पण ग्रुपमध्ये सरपंच, दोन ग्रामपंचायत सदस्य आणि कुणाकुणाचे भाऊ. कारणाच्या रकान्यात एकीच्या नावापुढे जे होतं ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ती बाई पुढे आमच्याकडे तपासणीला आली नाही, बाळंतपण माहेरी, घरीच झालं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात ही माहिती फोडायला मनाई आहे, गर्भपाताच्या कायद्यातही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या लक्षात येईल की असं एकदा झालं की वर्षभराची ओळख जाते. ग्रुपवर फक्त "पाडा अमुक, एक गाडी, मंगळवार सकाळ" एवढंच. नाव फोनवर.

टॅबला पासवर्ड असू द्या, आणि तो टॅबच्या पाठीवर स्केचपेननं लिहू नका. हसू नका, मी दर प्रशिक्षणात दोन तरी असे बघते. रात्री घरात पोरांच्या हाती देऊ नका.

निगा राखायला फार लागत नाही. पुसायला मऊ कापडावर थोडं ७० टक्के अल्कोहोल घ्या, थेट टॅबवर ओतू नका. ब्लीचचं पाणी पडद्याला लावू नका. रक्ताचे हातमोजे घातलेल्या हातानं टॅबला हात नाही. पावसात जाड प्लास्टिकची चेन लावायची पिशवी, टॅब आत ठेवूनच बोट चालतं. उन्हात स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, बॅटरी फुगते. एका मुलीनं तो तापला म्हणून लसीच्या कॅरिअरमध्ये, आइस पॅकशेजारी ठेवला होता. टॅब ओला झाला तो झालाच, पण सत्र चालू असताना ते झाकण दहादा उघडलं गेलं, आणि मला टॅबपेक्षा लसींची काळजी लागली.

एवढं सगळं रडगाणं ऐकून तुम्हाला वाटेल की मी टॅबच्या विरोधात आहे. तर दोन वर्षांपूर्वीचं सांगते. ऑक्टोबर छाटणीला आमच्या पाड्यावरून सात कुटुंबं खाली द्राक्षबागांवर गेली, त्यात पाचव्या महिन्यातली एक मुलगी, पहिलटकरीण, एचबी साडेसात. जाताना सांगून गेली नाही, कुणीच जात नाही. पूर्वी अशी बाई गेली की थेट शिमग्याला दिसायची, कधी बाळ घेऊन, कधी रिकाम्या हातानं. या वेळी तिच्या कार्डावर क्रमांक होता. तिकडच्या एका सिस्टरनं बागेवरच्या झोपड्यांत फेरी मारली, कार्ड बघून क्रमांक टाकला, आणि तिचं एचबी, तारीख, रक्तगट सगळं समोर आलं. तिथून तिनं माझा नंबर मिळवून मला फोन केला. "तुमची एक बाई माझ्याकडे आहे," एवढंच म्हणाली. लोहाची इंजेक्शनं तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात झाली, मधली तपासणी नऊ तारखेच्या गरोदर मातांच्या शिबिरात तिकडेच. बाळंतपणाला ती वर आली तेव्हा एचबी दहाच्या वर होतं. ती मधली पानं मी भरली नव्हती, तरी माझ्या टॅबवर होती.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. स्वतःच्या पैशानं मोबाईल घेऊ नका. एकदा घेतलात की टॅब बिघडल्याची तुमची तक्रार संपली, आणि पुढचे सगळे अ‍ॅप तुमच्याच फोनवर, तुमच्याच रिचार्जवर येतील. रुग्णांची माहिती तुमच्या खासगी फोनवर राहील ती वेगळीच. टॅब अडकतो तेव्हा आधी त्यातले जुने फोटो आणि व्हिडिओ काढून जागा रिकामी करा, पण अ‍ॅपच्या डेटाला हात न लावता. रोज संध्याकाळी सिंक झाल्यावर एकदा पूर्ण बंद करून चालू करा. तरी अडकला तर तारीख, वेळ आणि काय झालं हे वहीत लिहा, तीन वेळा झालं की वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुरुस्तीला गेला तर तेवढे दिवस वही. आणि दुरुस्तीला देण्याआधी त्या "बाकी"च्या आकड्याकडे पुन्हा एकदा बघा.